सुराच्या आधी कातडे

वज्रेश्वरीच्या देवळाला ५२ पायऱ्या आहेत. आमच्या भजनी मंडळात सगळ्यात लहान मुलाने बाजाची पेटी वाहायची, असा रिवाज होता आणि सलग चार वर्षे सगळ्यात लहान मीच होतो. नगारखान्यापर्यंत पोहोचता पोहोचता मान अवघडून जायची. पेटी सतरंजीवर ठेवली की बुवा आधी तिच्यावरची धूळ उपरण्याने पुसत, मग भाता सोडून मधल्या सप्तकातला सा धरत. बराच वेळ धरत. तो सा कानांत बसला की टाळकरी आपोआप गप्प होत. पुढे पुष्कळ पेट्या ऐकल्या, चांगल्या हातांच्या ऐकल्या, पण सूर म्हटला की मला अजून तोच आठवतो.

ही पुस्तिका पेटी वाजवायला शिकवत नाही. ते शिकवणारी पुस्तके मराठीत आहेत आणि शिकवणारी माणसेही गावोगाव आहेत. वाजून वाजून झिजलेली पेटी पुन्हा उभी कशी करायची, तिच्यातले काय बदलायचे, काय सुधारून घ्यायचे आणि कशाला हातच लावायचा नाही, एवढाच हिचा विषय आहे. भिवंडी, वाडा, शहापूर, वसई या पट्ट्यात क्वचितच एखादे गाव असेल जिथे देवळाच्या माळ्यावर किंवा मंडळाच्या ट्रंकेत एक तरी पेटी नाही. हरिनाम सप्ताहात ती सात दिवस अखंड वाजते. नवरात्रात वाजते, चैत्र अमावस्येच्या यात्रेत वाजते, काकड्याला वाजते, आणि उरलेल्या दिवसांत ओल, झुरळे आणि उंदीर यांच्या स्वाधीन असते. तिला दुरुस्त करणारा माणूस मात्र दहा गावांत एक सापडत नाही. म्हणून हा खटाटोप.

आमच्या देवीची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी नवस केला, १७३९ साली वसई सर झाली आणि नवस फेडायला हे किल्ल्यासारखे देऊळ उभे राहिले. पेटी त्या मानाने कालची. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी ‘हार्मोनियम’ या नावाचे पेटंट घेतले ते १८४२ साली, म्हणजे देऊळ झाल्यावर शंभर वर्षांनी. ती पायाने भाता मारायची मोठी लाकडी चीज होती, आपण पायपेटी म्हणतो ती. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे पाय काढले, भाता मागे आणला आणि तो डाव्या हाताच्या हवाली केला. आपण मांडी घालून बसणारी माणसे, पेटी आपल्याबरोबर जमिनीवर आली. मग ती गावात पोहोचायला वेळ लागला नाही. संगीत नाटकांनी तिला खेड्यापाड्यांत नेले. १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आले, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि टेंबे स्वतः पेटीचे मोठे वादक होते. नाटक कंपनी गावात येऊन गेली की ती पदे महिनाभरात भजनाच्या चालींत शिरत. पेटीही अशीच शिरली आणि राहिली.

१९४० साली तिला आकाशवाणीतून बाहेर काढले गेले आणि तीस वर्षे तिथले दार तिला बंद होते. आक्षेप असा की तिचे सूर ठरलेले, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत. आक्षेपात तथ्य आहे. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी घडवली, ती याच आक्षेपाला हाताने दिलेले उत्तर आहे. पण गोविंदराव पटवर्धन किंवा तुळशीदास बोरकर यांची पेटी ज्यांनी समोर बसून ऐकली, त्यांना या वाद्याची बाजू कुणी मांडायची गरज नाही. आणि ज्या वर्षांत रेडिओवर पेटी नव्हती, त्या वर्षांत ती देवळात होतीच. तिला जपले ते भजनी मंडळांनी. आता तिचे आतले भाग झिजले आहेत, तर ते बघण्याची जबाबदारीही मंडळांचीच आहे, असे मी मानतो.

आता आतल्या भागांविषयी. पियानोतल्या एका पट्टीमागे केवढा पसारा असतो! पट्टी दाबली की तरफ उचलते, तरफेवरची अढी हातोडीला ढकलते, हातोडी तारेवर आदळून लगेच मागे येते, तारेवरचा फेल्टचा दाब उठतो आणि बोट काढले की पुन्हा बसतो. अशा ८८ पट्ट्या. इटलीच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७०० च्या सुमारास ही रचना बसवली आणि आजही तिचे तत्त्व तेच आहे. पियानो दुरुस्त करणाऱ्यांचे निम्मे आयुष्य या सांध्यांत जाते. हातोडीवरचे फेल्ट आदळून आदळून कडक होते, त्यावर तारांचे चर पडतात. मग वरचा थर घासून काढायचा, सुया टोचून फेल्ट पुन्हा मऊ करायचे, नाहीच जमले तर हातोडी बदलायची. तार मात्र सहसा तीच ठेवायची.

पेटी त्यापुढे फार साधी. तिची पट्टी म्हणजे एक सरळ तरफ. पुढचे टोक बोटाखाली, मागचे टोक सूरपट्टीच्या भोकावर. मागच्या टोकाखाली कातडे चिकटवलेले असते आणि एक तारेची स्प्रिंग ते भोकावर दाबून धरते. बोटाने पुढचे टोक दाबले की मागचे उचलते, भोक मोकळे होते, खालच्या पोकळीत दाबून भरलेली हवा वर धावते आणि वाटेत पितळेच्या जिभेला हलवून जाते. तीच जीभ आपला सूर. बस, एवढेच. पण एवढ्यातच पियानोशी तिचे नाते आहे. तिथे जसे फेल्ट, तसे इथे कातडे. तिथे जशी तार, तसा इथे सूर. मऊ ते झिजते आणि आपण मात्र कडक त्याला दोष देतो.

हे मला शिकवले ते एका जॉबरने. भिवंडीत ज्याने यंत्रमाग पाहिले आहेत त्याला जॉबर कोण हे सांगायला नको. माग बंद पडला की ज्याला हाक मारतात तो. आमच्या गावचे हे काका तीस वर्षे मागांवर होते. दिवसपाळीला जायचे, रविवारी घरच्या ओट्यावर पेटी उघडून बसायचे. संगीत त्यांना फारसे येत नव्हते. अभंगाची चाल चुकली तरी त्यांच्या लक्षात आली नसती. पण पट्टी दाबल्यावर ती परत यायला जरा जरी वेळ लागला तरी त्यांचे बोट थांबायचे. मागात धोटा इकडून तिकडे फेकला जातो, त्याचा मार झेलायला कातडे असते. ते कातडे वेळेवर बदलले नाही तर धोटा फुटतो आणि धोटा फुटला की लोक धोट्याला शिव्या देतात. काका म्हणायचे, ‘पोरा, कातड्याचा हिशेब आधी. महाग वस्तू मोडते ती स्वस्त वस्तूपायी.’ या पुस्तिकेतली सगळी प्रकरणे या एका वाक्यातून वाढली आहेत.

त्यांनी माझ्यासमोर उघडलेली पहिली पेटी अजून डोळ्यांपुढे आहे. जाळी काढली, पट्ट्यांवरची लाकडी दांडी काढली, आणि एक-एक पट्टी खडूने आकडा घालून ओळीने वर्तमानपत्रावर मांडली. मग एक पट्टी उलटी करून माझ्या हातात दिली. तिच्याखालचे कातडे चामड्याच्या जुन्या चपलेसारखे काळे आणि गुळगुळीत झाले होते आणि त्यावर भोकाची लांबट कड खोल उमटली होती, ओल्या मातीत चौकट दाबावी तशी. काकांनी नखाने ती रेघ दाखवली. पट्टी आडवी जराशी सरकली की ही रेघ भोकावर बसत नाही आणि हवा निसटते. बोट नसतानाही सूर बारीक कण्हत राहतो तो यामुळे. मंडळातले सगळे म्हणत होते, पेटीचे सूर गेले. सूर एकही गेला नव्हता. काकांनी पातळ मेंढीचे कातडे कापून, मऊ बाजू भोकाकडे ठेवून सगळ्या पट्ट्यांना नवीन लावले. खर्च तेव्हा एका नारळाच्या पेंडीइतका आला.

त्याच पेटीत एक सूर अजिबात बोलत नव्हता. काकांनी सूरपट्टी उचलून उलटी केली. पितळेच्या पातीवर रिव्हेटने बसवलेली जीभ आणि तिच्या कडेची ती केसाएवढी फट, आणि फटीत गुलालाचा एक कण. यात्रेतला असणार. काकांनी वहीच्या पानाची पट्टी फाडून हलक्या हाताने जिभेखालून ओढली. कण निघाला आणि सूर बोलू लागला. नंतर मी जितक्या देवळांतल्या पेट्या उघडल्या, त्या बहुतेकांत गुलाल, बुक्का, हळद, तांदळाचे दाणे आणि झुरळांची अंडी सापडली आहेत. देवापुढचे वाद्य म्हटल्यावर हे यायचेच. पण गुलाल उधळण्याआधी पेटीवर एक पंचा टाकणे अवघड नाही.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. बुवांची जी पेटी मी पायऱ्यांवरून वाहत होतो, ती बुवांच्या वडिलांनी घेतलेली होती. तिचे सूर परदेशी होते, जुन्या लोकांनी ‘पॅरिसचे सूर’ म्हणून जपलेले. एका पावसाळ्यानंतर भाता धरेना. काका तेव्हा आजारी होते. मंडळाने वर्गणी काढून पेटी शहरातल्या एका दुकानात दिली. तीन आठवड्यांनी परत आली ती आरशासारखे पॉलिश होऊन. पट्ट्यांवर नवे पांढरेशुभ्र पत्रे, खटक्यांना नव्या मुठी, भाता नवा, वर वेलबुट्टी. बुवांनी सा धरला आणि लगेच सोडला. पुन्हा धरला. मग पेटी बंद करून म्हणाले, ‘ही आपली नाही.’ आत सगळे सूर नवे टाकले होते. जुने कुठे गेले विचारले तर दुकानदार म्हणाला, खराब झाले होते, टाकून दिले. ते खराब नव्हते. भात्याची शिवण उसवली होती, एवढेच झाले होते. मला त्या वेळी चौदावे वर्ष होते. बुवा त्यानंतर सात वर्षे वाजवत राहिले, पण सा धरून थांबण्याची त्यांची सवय गेली.

नवे सूर वाईटच असतात असे माझे म्हणणे नाही. गुजरातेत पालिताण्याला पिढ्यान्‌पिढ्या पितळेचे सूर घडवणारे कारागीर आहेत आणि देशातल्या असंख्य पेट्या त्यांच्या सुरांवर वाजतात. नवी पेटी करताना ते सूर घालावेत, जरूर घालावेत. पण चाळीस-पन्नास वर्षे एकत्र वाजलेला सुरांचा संच हा एक मेळ असतो. कुणीतरी कान लावून, एकेक जीभ कानशीने खरवडून, शेजारच्या सुराशी त्याची सोयरीक जुळवलेली असते. तो मेळ भंगारात घालायचा आणि पॉलिश नवे करायचे, याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

म्हणून या पुस्तिकेत प्रकरणांचा क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे की सूर शेवटी येतात. आधी भाता. सगळे खटके बंद करून भाता भरायचा आणि आतला भाता किती वेळात बसतो ते मनात आकडे मोजत पाहायचे. लवकर बसत असेल तर उदबत्ती पेटवून तिचा धूर शिवणींवरून, कोपऱ्यांवरून, सूरपट्टीच्या कडेने हळूहळू फिरवायचा. जिथे धूर थरथरतो तिथे हवा निसटते. भात्याच्या आतल्या कातड्याच्या झडपा वाळून वाकल्या असतील तर त्या बदलायच्या. त्यानंतर पट्ट्यांखालची कातडी. त्यानंतर स्प्रिंगा. स्प्रिंगा सगळ्या सारख्या ताणाच्या हव्यात, एक कडक आणि दुसरी सैल असेल तर बोटाला ठेच लागल्यासारखे होते. काकांची परीक्षा सोपी होती. पट्टीच्या टोकावर नाणी रचायची आणि कितव्या नाण्याला ती खाली जाते ते पाहायचे. सगळ्या पट्ट्यांना तेवढीच नाणी लागली पाहिजेत. त्यानंतर पट्टीच्या खिळ्यांची भोके, ती झिजून मोठी झाली की पट्ट्या एकमेकींना घासतात आणि खडखड करतात. तिथे फेल्टची बारीक पट्टी बसवायची. आगकाडी ठोकून भागवू नये, पावसाळ्यात ती फुगते आणि पट्टी जाम होते.

आमच्याकडचा पावसाळा हे या पुस्तिकेतले वेगळे प्रकरण आहे. तानसा नदीच्या काठची हवा जूनपासून चार महिने ओली असते. साग असला तरी लाकूड थोडे फुगतेच. म्हणून श्रावणात अडकणारी पट्टी तिथल्या तिथे तासू नये. दिवाळीपर्यंत थांबावे. लाकूड वाळले की निम्म्या पट्ट्या आपल्या आपण सुटतात आणि ज्या श्रावणात तासल्या त्या कार्तिकात डगडगतात. ही चूक मी स्वतःच्या हाताने केली आहे, एकदा नव्हे.

एका बाबतीत मी आग्रही आहे आणि यावरून माझे पुष्कळांशी वाद झाले आहेत. पेटीतले सांधे, विशेषतः भाता आणि कातडी, सरसाने चिकटवावीत. सरसाला झुरळे लागतात हे खरे. तो शिजवावा लागतो, वास येतो, हेही खरे. पण सरस गरम पाण्याच्या फडक्याने सुटतो. पन्नास वर्षांनी पुढचा माणूस तो सांधा लाकूड न फोडता उघडू शकतो. फेविकॉल एकदा धरला की सोडत नाही, आणि एम-सील लावलेली पेटी उघडायची म्हणजे छिन्नीच घ्यावी लागते. आपण दुरुस्त करतो आहोत त्या पेटीत आपल्या आधी कुणाचा तरी हात गेलेला आहे आणि आपल्यानंतरही जाणार आहे. आधीच्याने आपल्यासाठी वाट ठेवली म्हणून आपण आत शिरू शकलो.

हे सगळे झाले आणि तरीही सूर बरोबर नसेल, तरच सुराला हात लावायचा. ३९ पट्ट्यांच्या आणि खर्ज-नर-मादी अशा तीन ओळींच्या पेटीत ११७ सूर असतात, प्रत्येकाला दोन स्क्रू. जिभेचे टोक खरवडले की सूर चढतो, मुळाशी खरवडले की उतरतो. नियम एवढाच, पण प्रत्येक खरवडण्यात पितळ कमी होते आणि ते परत येत नाही. हवा निसटत असताना मेळ लावला तर तो चुकीच्या हवेवर लागतो, कारण दाब बदलला की सूरही थोडा हलतो. मग भाता सुधारल्यावर सगळे पुन्हा खरवडायचे. जुन्या पेट्यांचे कितीतरी सूर असे दोनदा-तीनदा विनाकारण खरवडून मेलेले मी पाहिले आहेत. मुळाशी चीर गेलेली जीभ मात्र वाचत नाही. तिच्या जागी नवा सूर घालण्याआधी त्याच जातीचा, त्याच वयाचा जुना सूर मिळतो का ते शोधावे. जुन्यांच्या रांगेत एकटा नवा सूर बसवला तर तो वेगळाच खणखणतो.

ही पुस्तिका वाचून कुणी लगेच कारागीर होणार नाही. एखाद्या जाणकाराशेजारी बसून दोन पेट्या उघडल्या-मिटल्याशिवाय हात वळत नाही. पण प्रत्येक मंडळात एक जण तरी असा असावा की ज्याला भाता तपासता येतो, पट्टीखालचे कातडे बदलता येते आणि पेटी दुकानात द्यायची वेळ आलीच तर ‘सूर बदलायचे नाहीत’ हे कागदावर लिहून घेता येते. वाजवणारा तोच असला पाहिजे असे नाही. काका वाजवत नव्हते.

काका गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांची हत्यारांची पेटी माझ्याकडे आहे. तिच्यात दोन कानशी, एक पातळ पाते, सरसाचे भांडे आणि एका बिस्किटाच्या डब्यात जुने सूर आहेत. त्यांनी ते भंगारवाल्यांकडून, मोडलेल्या पेट्यांतून, कधी कुणाच्या अडगळीतून जमवले आणि प्रत्येकाला कागदात गुंडाळून त्यावर स्वर लिहून ठेवला. त्यांतले नऊ सूर आजवर वेगवेगळ्या गावांच्या पेट्यांत गेले आहेत आणि वाजताहेत.

तुमच्याही घरात, देवळाच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत असे सूर असतील. पेटी मोडून पडली असेल, लाकूड वाळवीने खाल्ले असेल, तरी सूर बहुधा शाबूत असतात. ते पितळेच्या भावाने विकू नका. कोरड्या कापडाने पुसा, एकेक कागदात गुंडाळा, वर स्वर लिहा आणि जवळच्या भजनी मंडळाला देऊन ठेवा.